उच्च रक्तदाबात हाताचा रक्तप्रवाह कसा मोजायचा: कफ, गेज आणि रक्तवाहिनीची परीक्षा

रक्तदाबाच्या रुग्णाचा हात विश्रांतीत मोजला तर रक्तप्रवाह बहुतेक वेळा सामान्यच निघतो. दर १०० मिली ऊतीमागे मिनिटाला साधारण २ ते ४ मिली. नवं यंत्र जोडणाऱ्याचा इथंच हिरमोड होतो. पण दाब वाढलेला आणि प्रवाह तेवढाच, याचा अर्थ वाटेतला रोध वाढलाय. तो वाहिन्या आवळल्यामुळं आहे, भिंती जाड झाल्यामुळं आहे, की आतलं अस्तर नीट काम करत नाही म्हणून, हे वाहिन्यांना उघडायला लावल्याशिवाय कळत नाही. स्वीडनच्या ब्यॉर्न फोल्कोव आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवलं ते हेच: वाहिन्या कमाल उघडल्या तरी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत रोध जास्तच उरतो. म्हणून या कामात विश्रांतीचा आकडा हा फक्त पाया. खरी तपासणी पुढं आहे, आणि ती दर वेळी अगदी एकसारखी झाली पाहिजे.

खालची पद्धत कोल्हापुरातल्या मेडिकल कॉलेजांमधले फिजिऑलॉजी-मेडिसिनचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि तंत्रज्ञ यांना समोर ठेवून लिहिली आहे. घरी करायची ही गोष्ट नव्हे.

तत्त्व दोन वाक्यांत

दंडावरच्या कफात ४० ते ५० मिमी पारा इतका दाब भरला की शिरा बंद होतात, पण धमनीतून रक्त येतच राहतं. त्यामुळं कोपराखालचा हात फुगतो, आणि पहिल्या काही सेकंदांत तो ज्या वेगानं फुगतो तोच धमनीतून येणारा प्रवाह. ह्युलेट आणि व्हान झ्वालुवेनबर्ग यांनी १९०९ मध्ये माणसाच्या हातावर ही पद्धत वापरली. १९५३ मध्ये व्हिटनीनं पाऱ्याची रबरी नळी, म्हणजे स्ट्रेन गेज, हाताभोवती गुंडाळून, हात पाण्याच्या पेटीत ठेवून मोजायची कटकट संपवली. याला व्हीनस ऑक्लुजन प्लेथिस्मोग्राफी म्हणतात. नाव भारदस्त आहे. काम कफ, नळी आणि चढत्या रेषेचं.

रुग्णाची तयारी

बिघडलेल्या मोजण्यांपैकी निम्म्याहून जास्त इथंच बिघडतात असं धरून चाला.

किमान ८ तास पोट रिकामं हवं, साधं पाणी चालेल. तुपातेलाच्या जेवणानंतर अस्तराचा प्रतिसाद काही तास मंदावतो. रात्री तांबडा-पांढरा रस्सा हाणला असेल तरी सकाळी ९ पर्यंत बारा तास झालेले असतात, हरकत नाही. पण उशिरा जेवून वर गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन आलेला माणूस सकाळी ७ ला घेऊ नका. चहा-कॉफी १२ तास बंद. व्यायाम २४ तास बंद, आणि ‘व्यायाम’ म्हणजे काय ते समजावून सांगा. तालमीत जाणाऱ्याला पहाटेचे जोर-बैठका हा व्यायाम वाटतच नाही, तो त्याचा नेम असतो. रंकाळ्याला फेरी मारून थेट लॅबमध्ये येणारे काकाही याच यादीत.

तंबाखूबद्दल ‘खाता का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. त्याऐवजी ‘मामा, शेवटची कधी मळली?’ असं विचारा. बायकांना ‘मावशी, आज मिश्री लावली का?’ हे वेगळं विचारावंच लागतं, कारण मिश्रीला तंबाखूत कुणी धरत नाही. निकोटीननं वाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. किमान ६ तास गेलेले नसतील तर दुसरी तारीख द्या.

रक्तदाबाच्या गोळ्या तपासणीसाठी आपल्या मनानं बंद करायला लावू नका. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडिन एकाएकी थांबवलं तर दाब उसळू शकतो. थांबवायच्या की नाहीत हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. तुम्ही गोळीचं नाव, डोस आणि शेवटची कधी घेतली ती वेळ लिहून ठेवा. पुढच्या वेळीही तेवढ्याच अंतरानं मोजायचं आहे. पाळी येणाऱ्या महिलांत पाळीच्या पहिल्या ७ दिवसांत मोजलं तर संप्रेरकांचा फरक कमी पडतो.

खोली २२ ते २४ अंशांवर, एसीचा झोत हातावर नको. डिसेंबरच्या सकाळी मोटारसायकलवर आलेल्या माणसाचे हात बर्फासारखे असतात. त्याला अर्धा तास पांघरुणात आडवं ठेवा. बाकीच्यांनाही २० मिनिटं लागतातच. आधी लघवीला जाऊन यायला सांगा, कारण भरलेलं मूत्राशय दाब वाढवतं. आणि मोजताना बोलायचं नाही, मूठ आवळायची नाही, मोबाइल बाहेर.

कोणाला घ्यायचं नाही: दाब १८०/११० किंवा वर असेल तर मोजणी थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. डायलिसिसचा फिस्तुला (त्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) असलेला हात, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेली बाजू, हातातल्या शिरेत गुठळी, जखम, लिंफेडेमा (लसिका साचून आलेली सूज), या हातांना कफ लावायचा नाही.

कफ आणि गेज बसवणं

दंडाचा घेर टेपनं मोजा. २७ ते ३४ सेंमीला नेहमीचा मोठ्यांचा कफ, ३५ ते ४४ ला लार्ज. पैलवानाच्या दंडाला नेहमीचा कफ कसाबसा चिकटतो आणि दोन घोटाळे करतो: दाब खरा असतो त्याहून जास्त दाखवतो, आणि ५० मिमीला शिरा सगळीकडून सारख्या बंद करत नाही. मनगटाला सुमारे ५ सेंमी रुंदीचा लहान मुलांचा कफ लागतो.

मनगटाचा कफ कशाला? तळहाताच्या त्वचेत धमन्या आणि शिरा थेट जोडणारे मार्ग असतात, आणि ते तापमानाप्रमाणं उघडझाप करतात. पंजा बाजूला काढला नाही तर स्नायूंचा प्रवाह मोजतोय की खोलीचं तापमान, हे कळत नाही. नोंद सुरू करण्याच्या १ मिनिट आधी मनगटाचा कफ फुगवा. फुगवल्याबरोबर प्रवाह थोडा हलतो, तो एवढ्यात स्थिरावतो. पुस्तकात २०० मिमी वाचून तेवढंच भरणारे पुष्कळ आहेत. निरोगी माणसात ते चालतं. सिस्टोलिक, म्हणजे दाबाचा वरचा आकडा, १७५ असलेल्या रुग्णात २०० काठावर येतं. नियम एकच ठेवा: त्या दिवशीच्या सिस्टोलिकच्या वर ५० मिमी. मुंग्या येतात, म्हणून एका बैठकीत ३-४ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि मध्ये तेवढीच विश्रांती द्या.

हात हृदयाच्या पातळीपेक्षा सुमारे १० सेंमी वर, कोपर आणि मनगट फोमच्या ठोकळ्यांवर टेकवलेले, मधला भाग अधांतरी. हात खाली राहिला तर शिरा आधीच भरलेल्या असतात, फुगायला जागा उरत नाही आणि चढ खोटा कमी येतो. गादीला टेकलेला हात तर गेजलाच दाबतो.

गेज हाताच्या सर्वांत जाड भागावर, कोपराच्या घडीपासून साधारण ५ ते ७ सेंमी खाली. घेरापेक्षा १ ते ३ सेंमी कमी लांबीचं गेज निवडा, म्हणजे ते किंचित ताणलेलं बसतं. सैल असेल तर सुरुवातीची फुगवट नोंदवलीच जात नाही. फार घट्ट असेल तर शिरांनाच दाबतं. त्वचेवर गेजखाली बोटानं हलकं ढकलून पाहा: सरकायला हवं, पण घसरायला नको. हातावर केस दाट असतील तर तेवढा पट्टा काढून घ्या, नाहीतर गेज अडकून झटके देतं आणि रेषा पायऱ्यापायऱ्यांची येते.

पाऱ्याच्या गेजची एक सोय समजून घेण्यासारखी आहे. नळीतल्या पाऱ्याचं आकारमान तेवढंच राहतं, त्यामुळं नळी १ टक्का लांबली की तिचा छेद १ टक्का कमी होतो आणि विद्युत रोध २ टक्के वाढतो. गोल हाताचा घेर १ टक्का वाढला की आकारमानही २ टक्केच वाढतं. म्हणजे रोधातली टक्केवारी हीच थेट आकारमानातली टक्केवारी. हाताचा घेर कितीही असला तरी वेगळं कॅलिब्रेशन लागत नाही. गेज हातावर बसवल्यावर यंत्रावरचं १ टक्क्याचं बटण दाबून रेषा किती उसळते ते प्रत्येक रुग्णात नोंदवा. ही उसळी रुग्णागणिक बदलायला लागली तर गेजमधल्या पाऱ्यात बुडबुडा किंवा तोंडाशी सुटलेला जोड शोधा.

कफ फुगवायचा वेग

दंडाचा कफ एका सेकंदाच्या आत ५० मिमीला पोचला पाहिजे. रबरी फुग्यानं हातानं फुगवलं तर ४-५ सेकंद जातात आणि चढाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाया जातो. रॅपिड इन्फ्लेटर, म्हणजे कफ झटक्यात फुगवणारं यंत्र, नसेल तर जाड भिंतीचा २० लिटरचा हवाबंद कॅन, दाबमापक, तिहेरी कॉक आणि रुंद नळी यावर काम भागतं. कॉक उघडल्यावर कॅनमधली हवा कफात जाते आणि दाब उतरतो. किती, ते काढता येतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, म्हणजे इथला हवेचा दाब ७१० मिमीच्या आसपास. त्यात कॅनमधले ६० मिळवले की एकूण ७७०. कफात ३०० मिली हवा मावत असेल तर ७७० गुणिले ३०० भागिले २०,०००, म्हणजे सुमारे ११.५ मिमी उतरतील. तेव्हा कॅनमध्ये ६१-६२ भरलं तर कफात ५० उरतात. पाच लिटरच्या कॅनवर हेच करू गेलात तर दाब ४५ मिमीनं कोसळेल. दर फुगवणीनंतर कॅन परत भरायचा, हे विसरलात तर चढ एकामागून एक लहान होत जातात, आणि रुग्णाचा प्रवाह कमी होतोय असा भास होतो.

विश्रांतीचा प्रवाह

१० सेकंद फुगवा, ५ सेकंद सोडा. मिनिटाला ४ चढ. सहा-सात घ्या, पहिला टाकून द्या, उरलेल्यांची सरासरी. कफ फुगताच रेषा एकदम उडी मारते. ती कफाच्या ढकलण्याची आहे, रक्ताची नाही. उतार मोजताना उडी वगळा आणि पुढचा सरळ भाग धरा. १० सेकंदांत आकारमान ०.५ टक्का वाढलं तर मिनिटाला ३ टक्के, म्हणजेच १०० मिली ऊतीमागे ३ मिली.

दोन चढांमध्ये रेषा मूळ पातळीवर परतली नाही तर शिरा रिकाम्या होत नाहीत: हात खाली आहे, बाही वर गोळा होऊन काखेत दाबतेय, किंवा कफ पूर्ण उतरत नाही. बाही बहुतेक वेळा गुन्हेगार असते, म्हणून शर्ट काढूनच घ्या.

त्याच वेळी दुसऱ्या हातावर दाब मोजा. सरासरी दाब म्हणजे डायस्टोलिक (खालचा आकडा) अधिक दोन आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश. सरासरी दाब भागिले प्रवाह, हा रोध.

पाच मिनिटं रक्त बंद

आता मुख्य परीक्षा. दंडाचा कफ सिस्टोलिकच्या ५० मिमी वर नेऊन ५ मिनिटं ठेवा. रुग्णाला आधी सांगा की हात जड होईल, मुंग्या येतील, सोडल्यावर गरम वाटेल. न सांगितलं तर तिसऱ्या मिनिटाला तो हात हलवतो आणि सगळं परत.

या पाच मिनिटांत रेषा सपाट पडून राहिली पाहिजे. ती हळूहळू वर सरकत असेल तर धमनी पूर्ण बंद नाही: रक्त आत झिरपतंय आणि बाहेर जायला वाट नाही. हातही अशा वेळी पांढुरका न होता जांभळट दिसतो. याचं कारण उच्च रक्तदाबात विशेष आहे. दुखण्यानं दाब आणखी चढतो आणि सुरुवातीला पुरेसा असलेला कफ चौथ्या मिनिटाला अपुरा पडतो. म्हणून तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या हातावर दाब पुन्हा पाहा आणि लागेल तसा कफ वाढवा.

चौथ्या मिनिटाला मनगटाचा कफ फुगवा. पाच पूर्ण होताच दंडाचा कफ झटक्यात सोडा आणि लगेच ५० वर घ्या. सर्वोच्च प्रवाह पहिल्या १०-१५ सेकंदांत येऊन जातो. पहिला चढ हुकला तर कमाल आकडा हुकलाच. इथं १० सेकंदांचा चढ चालत नाही. प्रवाह मिनिटाला ४० मिली असेल तर सेकंदाला ०.६७ मिली, आणि शिरांत मावणारी जागा ३-४ सेकंदांत भरते. मग रेषा वाकते. पहिले दोन-तीन ठोके, म्हणजे साधारण २ सेकंदांचा सरळ भाग, एवढाच मोजा. वाकलेला भाग धरला की कमाल प्रवाह खोटा कमी येतो, आणि नेमका निरोगी माणसात जास्त खोटा येतो, कारण त्याच्याच शिरा आधी भरतात. रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक मग कागदावरच पुसला जातो.

उदाहरण घ्या. निरोगी माणूस १२०/८०, सरासरी दाब ९३, विश्रांतीत प्रवाह ३, रोध ३१. रुग्ण १६०/१००, सरासरी १२०, प्रवाह ३, रोध ४०. कफ सोडल्यावर दोघांचाही प्रवाह ३० आला, असं समजा. प्रवाह पाहिला तर दोघं सारखे. रोध पाहिला तर ३.१ आणि ४. रुग्णाच्या वाहिन्या जास्त दाब मिळूनही तेवढंच रक्त सोडताहेत. नुसता प्रवाह छापून रोध न छापणारा अहवाल उच्च रक्तदाबात निरुपयोगी आहे.

भिंतींची जाडी खरोखर जोखायची तर १० मिनिटं रक्त बंद ठेवून शेवटच्या मिनिटात मूठ उघडझाप करायला लावतात, म्हणजे वाहिन्या जवळजवळ पूर्ण उघडतात. हे वेदनादायक आहे. डॉक्टर हजर असल्याशिवाय आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय नको. कसलेल्या हातांचा, मग तो कुस्तीगीर असो की ऊसतोडणीचा माणूस, कमाल प्रवाह मुळातच जास्त असतो. त्यांना बैठं काम करणाऱ्यांच्या आकड्यांशी जोडू नका.

अस्तराची परीक्षा: सोनोग्राफीनं

फर्चगॉट आणि झावाड्झ्की यांनी १९८० मध्ये दाखवलं की ॲसिटिलकोलीन या रसायनानं वाहिनी सैल पडते ती अस्तर शाबूत असेल तरच. १९९० मध्ये पांझा आणि सहकाऱ्यांनी हेच ॲसिटिलकोलीन उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या हातातल्या धमनीत सोडलं आणि वर सांगितलेल्या प्लेथिस्मोग्राफीनं मोजलं. प्रतिसाद कमी निघाला, पण वाहिनीच्या स्नायूवर थेट काम करणाऱ्या नायट्रोप्रुसाइडला तो ठीक होता. म्हणजे स्नायू सैल होऊ शकतो, त्याला निरोप देणारं अस्तर कमी पडतंय. धमनीत सुई घालण्याचं काम संशोधन केंद्रापुरतं ठेवा. रोजच्या कामाला १९९२ पासून प्रचलित झालेली सुईविना पद्धत आहे, फ्लो-मीडिएटेड डायलेशन: रक्ताचा ओघ वाढला की धमनी किती रुंदावते ते पाहायचं.

७ ते १२ मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब, ईसीजी जोडलेला. कोपराच्या वर २ ते १० सेंमी मध्ये ब्रॅकिअल धमनी लांबीच्या बाजूनं दिसली पाहिजे, दोन्ही भिंतींच्या रेषा स्वच्छ. कफ मात्र कोपराच्या खाली बांधा. दंडावर बांधला तर धमनी जास्त फुगते, पण ती फुगवट निव्वळ अस्तराची राहत नाही, शिवाय प्रतिमाही हलते. प्रोब हातानं पाच मिनिटं स्थिर राहत नाही. स्टँड करून घ्या, कुठलाही चांगला फॅब्रिकेटर बनवून देईल. जागेवर मार्करनं खूण करा.

एक मिनिट मूळ व्यास, मग ५ मिनिटं कफ, सोडण्याच्या ३० सेकंद आधीपासून नंतर ३ मिनिटांपर्यंत सलग नोंद. सर्वांत मोठा व्यास बहुतेकांत ४५ ते ६० सेकंदांच्या सुमारास येतो, पण सगळ्यांत नाही. फक्त ६० व्या सेकंदाचं चित्र गोठवणारा निम्मी माहिती टाकून देतो. व्यास ईसीजीच्या आर लाटेवर, म्हणजे रेषेच्या उंच टोकावर, मोजा. ४.० मिमीची धमनी ४.२८ झाली तर ७ टक्के. आता बघा, कर्सर ०.१ मिमी चुकला की अडीच टक्के इकडचे तिकडे. म्हणून भिंत आपोआप ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि माणसाचे हात देखरेखीखाली शंभरेक तपासण्या करून बसलेले लागतात. मूळ धमनीच रुंद असेल तर टक्केवारी आपोआप कमी येते, म्हणून मिमीमधला फरकही लिहा.

शेवटी तुलनेसाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, नेहमीचा डोस ०.४ मिग्रॅ, आणि ३-४ मिनिटांनी व्यास. दोन तपासण्यांत किमान १० मिनिटं जाऊ द्या. सिस्टोलिक १०० च्या खाली असेल तर नको. सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत (दोन्ही लैंगिक ताकदीच्या गोळ्या) घेतलं असेल तर अजिबात नको. हा प्रश्न बायकोसमोर नव्हे, एकट्याला विचारा. आणि ‘तीच ती’ म्हणून सॉर्बिट्रेट देऊ नका. ते आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट आहे, वेगळा वेग, वेगळा काळ.

सोनोग्राफी यंत्र पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली नोंदवलेलं असावं लागतं. हातच बघायचा असला तरी दुसऱ्या विभागातून परस्पर उचलून आणता येत नाही. सोनोग्राफी यंत्रांना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे तपासण्यांची आपोआप नोंद ठेवणारं उपकरण, बसवणाऱ्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. आधी परवानगी, मग प्रोब.

पायाचं काय

मांडीला कफ, पोटरीच्या जाड भागावर गेज, टाच उशीवर. बाकी सगळं तसंच. पण आधी घोटा-दंड दाबाचं गुणोत्तर ८ मेगाहर्ट्झच्या हँड डॉप्लरनं काढा. ०.९० किंवा खाली आलं तर पायाच्या धमनीत अडथळा आहे, आणि कफ सोडल्यावरचा प्रवाह उशिरा, बुटका आणि लांबट येतो. तो लहान वाहिन्यांचा दोष समजू नका. १.४० च्या वर आलं तर धमनी कडक झाली आहे, कफानं दबत नाही; अशा पायावर कफाची कुठलीच मोजणी धरू नका.

गेज फुटलं तर

झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूम तर नाहीच. पंखा-एसी बंद, खिडकी उघडी, हातमोजे घालून थेंब कागदानं एकत्र करा, सिरिंजनं ओढा, उरलेल्यावर गंधकाची पूड टाका आणि सगळं झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवून धोकादायक कचऱ्याच्या खात्यात द्या. गेज ऑटोक्लेव्ह करू नका. ओल्या कापडानं पुसा. नवीन घेताना इंडियम-गॅलियमचं मिळत असेल तर तेच घ्या.

नोंदवहीत प्रत्येक मोजणीला एवढं लागतं: कोणता हात, कफाचा आकार, खोलीचं तापमान, शेवटचं जेवण, तंबाखू आणि गोळी यांच्या वेळा, दाब, सरासरी दाब, विश्रांतीचा आणि कमाल प्रवाह, दोन्ही रोध, आणि मूळ रेषेची प्रिंट. थर्मल कागद असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, वर्षभरात तो पांढरा पडतो.